नॉर्मल मांडी

मोनिका हिप्परकरला आम्ही मशीनमधून बाहेर घेत होतो, तेवढ्यात तिच्या सरांच्या गळ्यातली शिट्टी आडवी झाली.

आडवी म्हणजे अगदी जमिनीला समांतर. पुढं शिट्टी, मग ताणलेली दोरी, आणि दोरीच्या मागं कोळेकर सर, अशी वरात एमआरआयच्या खोलीत शिरली. सरांच्या चेहऱ्यावरून त्यांना आत यायचं नव्हतं असं दिसत होतं, पण शिट्टीचं ठरलेलं होतं. तीन पावलांवर दोरी तुटली आणि शिट्टी मशीनच्या वरच्या कडेला जाऊन ठक्कन बसली, मोनिकाच्या पायांपासून हातभर लांब.

मोनिकानं डोळे उघडले. म्हणाली, "सर, बोलवलं का?"

चूक पूर्णपणे सरांची नव्हती. मी त्यांना आधी तीन वेळा सांगितलं होतं की आतलं चुंबक चोवीस तास चालू असतं, त्याला रविवार नसतो. त्यांनी आत यायचं काही कारण नसताना घड्याळ, किल्ल्या, पट्टा, हातातलं कडं असं सगळं काढून टोपलीत ठेवलं होतं. अंगावर काही राहिलंय का विचारल्यावर अंग चाचपून नाही म्हणाले होते. शिट्टी बावीस वर्षं गळ्यात होती. ती वस्तू आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मग स्कॅन संपला, मी दार उघडलं आणि पोरीला पाय सैल सोड म्हणून सांगायला ते दारात आले. पुढचं चुंबकानं केलं.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मिरजेत एका तपासणी केंद्रात टेक्निशियन होतो. पेशंटला आडवं करायचं, कानात बोळे घालायचे, हलू नका म्हणायचं आणि काचेच्या पलीकडून बटणं दाबायची, हे माझं काम. मिरजेत डॉक्टर इतके की रस्त्यात ठेच लागली तर चौकापर्यंत तीन मतं मिळतात. त्यातलं आमच्याकडचं मत डॉ. शिरगुप्पे मॅडमचं असायचं. त्या रेडिओलॉजिस्ट. नुकत्याच चेन्नईला जाऊन खेळाडूंच्या स्नायूंची एमआरआय तपासणी शिकून आल्या होत्या, आणि आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्यांकडं बघत होत्या.

त्या शिकून आल्या होत्या ते असं. साध्या एमआरआयमध्ये दुखावलेल्या जागी पांढरा डाग दिसतो. डाग म्हणजे सूज. पण त्या सुजेच्या आत स्नायूचे धागे नुसते चिडलेत की तुटलेत, हे डाग सांगत नाही. स्नायूतलं पाणी धाग्यांच्या दिशेनं सरकत असतं. ती सरक मशीननं पकडायची आणि कॉम्प्युटरकडून तिचा नकाशा काढून घ्यायचा. उभे धागे निळे दिसतात. सगळं ठीक असलं की लांबलचक निळी झालर, आणि तुटलं असलं की मध्येच खिंडार.

फक्त, तुटकं ओळखायला शेजारी धड लागतं. म्हणून मॅडमना प्रत्येक खेळाडूमागं एक 'नॉर्मल' हवा होता, त्याच दिवशी, त्याच मशीनवर काढलेला. रिसेप्शनवरच्या शेडबाळे वहिनींना त्या बोगद्यात जायची भीती. शिपाई गायकवाडमामांच्या पायात सळई. उरलो मी. ज्याच्या मांडीला कधी काही झालं नाही, कारण ज्याच्या मांडीनं कधी काही केलंच नाही. मॅडमनी माझ्याकडं एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, चालेल. माझ्या शरीराबद्दल कुणी काढलेला हा सगळ्यात चांगला उद्गार.

आता मोनिका. जत तालुक्यातली, सतरा वर्षांची, खो-खो खेळणारी. नऊ दिवसांपूर्वी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात खांबाला वळसा घालताना तिच्या उजव्या मांडीत मागच्या बाजूला कळ आली होती. तरी ती उरलेला डाव पळाली होती आणि जिल्हा जिंकला होता. मंगळवारी सांगलीत राज्याच्या कुमारी संघाची निवड चाचणी होती. कुमारी गटात वयाचं तिचं हे शेवटचं वर्ष. इथं नाव आलं तर राष्ट्रीय स्पर्धा, आणि राष्ट्रीय खेळलेल्या पोरीला पुढं खेळाडूंच्या जागांवर नोकरीचं बघता येतं. घरी चार बहिणींत ती दुसरी. हे सगळं मला कोळेकर सरांनी सांगितलं. मोनिका काही बोलत नव्हती. विचारलं तेवढंच उत्तर द्यायची, तेही मान हलवून भागत असेल तर मान हलवून.

सर त्यांच्या शाळेत खेळाचे शिक्षक. माळावर चुना मारून त्यांनी जिल्ह्याला आठ-दहा पोरी दिल्या होत्या. दुखण्याचं निदान ते अंगठ्यानं करायचे. मांडीच्या मागं अंगठा रुतवून त्यांनी मोनिकाला सांगितलं होतं, आखडलीय. बावीस वर्षांत त्या अंगठ्यानं दुसरं काही सांगितल्याचं ऐकिवात नव्हतं. पण निवड समितीनं यंदा नियम काढला होता: जिल्ह्याच्या सामन्यात ज्यांना लागलंय त्यांनी डॉक्टरचा कागद आणायचा. म्हणून ती दोघं रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं मिरजेला आली होती.

तर शिट्टी. चुंबक बंद करायचं तर बाहेरून माणसं बोलवावी लागतात आणि मशीन कितीतरी दिवस झोपतं. म्हणून शिट्टी हातानंच काढायचं ठरलं. मी आणि सर ओढायला. सळईमुळं मामांना आत प्रवेश नाही, ते दारातून सूचना देत होते. वर नको, बाजूला सरकवा, बाजूला. लाकडी दांडा घातला, तो मोडला. सर एकदा अतिशय आदरानं मशीनला म्हणाले, "सोडा की आता." पाऊण तासानं शिट्टी सुटली. सरांनी ती लगेच वाजवून बघितली. वाजली. बाहेर बसलेल्या मोनिकानं सवयीनं उठून उभं राहायचा प्रयत्न केला आणि मांडीला हात लावून परत बसली. हे मी काचेतून बघितलं. बघितलं आणि त्याचं पुढं काही केलं नाही.

या पाऊण तासात झालं ते एवढंच. शिट्टीच्या आधी मी शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला मोनिकाचा स्कॅन देऊन ठेवला होता. मधे एकदा धावत जाऊन बघितलं, तर नकाशा तयार होऊन नाव विचारणारी चौकट आली होती. मी चौकटीत 'मोनिका हिप्परकर' लिहिलं. तेवढ्यात दांडा मोडल्याचा आवाज आला. नकाशा न बघता, बटण न दाबता मी पळालो.

नंतर मॅडमनी घाई केली. माझ्या मांडीचा स्कॅन राहिला होता आणि सरांची परतीची एसटी तीनची होती. मी आत आडवा झालो, मॅडमनी स्वतः मशीन चालवलं. बाहेर येऊन विजार चढवली आणि कॉम्प्युटरपुढं बसलो. चौकट होती तशीच होती, तिच्यात तिचं नाव होतं तसंच होतं. मी बटण दाबलं.

त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. नवा स्कॅन आला की ते जुना आपोआप बाजूला सारून नव्याचा नकाशा काढायला बसायचं. एका वेळी एकच ठेवायचं. ही खोड आख्ख्या केंद्रात फक्त मला माहीत होती, आणि त्या घाईत मीच ती विसरलो. चौकटीच्या मागं आता माझी मांडी होती. ती मी मोनिकाच्या नावानं ठेवली. मग चौकट परत उघडून तीच मांडी माझ्याही नावानं ठेवली. आणि चहा प्यायला गेलो.

मॅडमनी दोघांना आत बोलावून पडद्यावर दाखवलं. साध्या चित्रात मांडीच्या मध्यावर पांढरा डाग होताच. तो कशाचा, हाच प्रश्न होता. मग त्यांनी निळा नकाशा उघडला. वरपासून खालपर्यंत सलग झालर, एक धागा इकडचा तिकडं नाही. मॅडमना मनापासून आनंद झाला. म्हणाल्या, सूज आहे, पण धागे सगळे शाबूत आहेत, सोसेल तसं खेळायला हरकत नाही. सरांनी पडद्यापुढं हात जोडले आणि मग स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं.

मोनिकानं त्या निळ्या चित्राकडं आणि मग स्वतःच्या मांडीकडं बघितलं.

"दुखतंय पण," ती म्हणाली.

सर म्हणाले की भीती असते ती, पळायला लागलं की जाते. मॅडम म्हणाल्या, सुजेमुळं थोडं दुखणारच. मला काही बोलायची गरज नव्हती. मी सीडीचं पाकीट चिकटवत होतो. तरी म्हटलं, "माणूस बोलेल, पण मशीन खोटं बोलत नाही हो."

सर हसले. मोनिकानं मान हलवली आणि पाकीट घेतलं.

मंगळवारी सकाळी मॅडमना एका बैठकीत दाखवायला दोन चित्रं शेजारीशेजारी हवी होती: खेळाडूची मांडी आणि नॉर्मल मांडी. मी दोन्ही उघडली. काय सांगू, दोन्ही सारखीच. झालर सारखी, झालरीचा घेर सारखा, खाली एक धागा जरा बाहेर आला होता तोही दोन्हीकडं सारखा. खरं सांगतो, पहिली दोन मिनिटं मी खूश होतो. आईला फोन केला. म्हटलं, माझी मांडी राज्यपातळीची निघाली. आई म्हणाली, गॅसवर दूध आहे, नंतर बोलते.

मग चित्राच्या कोपऱ्यातली वेळ दिसली. दोन्हीकडं बारा एकेचाळीस. मोनिका साडेअकराच्या आत मशीनबाहेर होती. बारा एकेचाळीसला आत मी होतो आणि मॅडम मला काचेपलीकडून ओरडत होत्या, चौगुले, हलू नकोस.

त्यानंतर तीन मिनिटं मी काहीच केलं नाही. त्या तीन मिनिटांबद्दल मी फार कुणाला सांगत नाही. दहा वाजून गेले होते. चाचणी अकराला. आपण गप्प राहिलो तर काय, याचा मी अगदी शांतपणे विचार केला. कुणाला कळलं नसतं. फाइल बदलून टाकता आली असती. पोरगी मैदानात पडली असती तर खेळात पोरी पडतातच. आणि धागे शाबूतही असतील, कुणी बघितलंय?

मी बघितलं नव्हतं, हे त्यातलं खरं. मशीनमध्ये तिचा मूळ स्कॅन होता. तो कॉम्प्युटरला दिला आणि वीस मिनिटं पडद्यापुढं बसलो.

झालर वरून चांगली येत होती. मांडीच्या मध्यावर, आत जिथं स्नायूला धरून ठेवणारा, पेन्सिलच्या शिशाएवढा बारीक कंडरा उतरतो, तिथं ती थांबली. दोन बोटं खाली पुन्हा सुरू झाली. मध्ये काहीच नव्हतं. तेवढीच छपाई राहून गेली असावी असं वाटत होतं.

कोळेकर सरांचा फोन बंद होता. मॅडमना लावला. त्या गाडी चालवत होत्या. मी सगळं सांगितलं, शिट्टीपासून.

"रिपोर्टवर सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही चित्रांवरची वेळ मीही बघायला हवी होती. तू आत्ता निघ. कंडरा तुटायला आलाय, राहिलेला गेला तर तिची मांडी पुन्हा पूर्वीसारखी होईल याची खात्री नाही. तिला पळू देऊ नकोस."

"आणि ऐकलं नाही तर?"

"तर तू काय, तिच्यापुढं जाऊन आडवा हो. तुला त्याची सवय आहे."

निळा ड्रेस बदलायला वेळ नव्हता. स्कूटर काढली. मिरज-सांगली रस्ता त्या दिवशी विलक्षण शांत वाटला. कुणी हॉर्न देत नव्हतं, माणसं हात करून गप्प राहत होती. निघताना सवयीनं कानात बोळे घातलेत हे मला सांगलीत सिग्नलला कळलं.

मैदानावर चार जिल्ह्यांच्या पोरी होत्या. पाठीवर खडूनं नंबर घातलेल्या, एका बाजूला मंडपात निवड समितीचे तिघं टेबलामागं. खेळ सुरू झाला होता. बसलेल्या पोरी पाठीवर थाप पडली की उसळून उठत होत्या. पळणाऱ्या त्यांच्यामधून सुळसुळत होत्या, आणि प्रत्येक वळणाला सगळा भार एका मांडीवर येत होता. हे मी त्याआधी कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं. आता मला दुसरं काही दिसेना.

मोनिका चुन्याच्या रेषेबाहेर उभी होती, उजवा पाय किंचित पुढं टेकवून. तिची तुकडी पुढची. सर तिच्या गुडघ्याखाली पट्टी गुंडाळत बसले होते. माझा ड्रेस बघून त्यांनी विचारलं, काय हो, सीडीचं काय राहिलं का?

मी सांगितलं. सांगताना जमेल तेवढी लांबड लावली, कारण शेवटाला पोचायचं नव्हतं. सर ऐकत होते. पट्टी गुंडाळायचे हात थांबले नव्हते.

"कागदावर मॅडमची सही हाय," ते म्हणाले.

"सही खरी आहे. मांडी चुकीची आहे."

"मग ती कुणाची?"

"माझी."

सरांनी पहिल्यांदाच माझ्या मांडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं आता हात उठतोय, आणि खरं सांगायचं तर उठला असता तर बरं झालं असतं. पण ते उभे राहिले, मला दोन पावलं बाजूला घेतलं आणि अगदी हळू बोलायला लागले. पोरगीनं अकरा दिवस काढलेत, म्हणाले. काल वीस फेऱ्या मारल्यात. तीन मिनिटांचा तर प्रश्न हाय. तीन मिनिटं पळली, समितीनं बघितली, नाव आलं, की मग सहा महिने झोपू दे तिला. राष्ट्रीय स्पर्धा लांब हाय. यंदा नाही तर पुढच्या वर्षी वय बसत नाही, हे तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही येताय स्कूटरवर, सांगताय मांडी बदलली. मांडी काय चप्पल हाय, देवळाबाहेर बदलायला?

त्यांचं खोटं नव्हतं. त्यांच्या बावीस वर्षांत अशी पोरगी दुसरी आली नव्हती, आणि कागद मीच दिला होता.

मोनिका आमच्यामागं येऊन उभी राहिली होती. किती ऐकलं होतं कळलं नाही.

"दाखवा की," ती म्हणाली.

मोबाइलवर मी नव्या नकाशाचा फोटो काढून आणला होता. तिनं उन्हाकडं पाठ केली, मोबाइल स्वतःच्या सावलीत धरला. चित्र दोन बोटांनी मोठं केलं. त्या मधल्या रिकाम्या जागेपाशी थांबली.

"हे माझं?"

"हो. वेळ बघून घेतली मी. दहादा."

"इथं काहीच न्हाई."

"नाही."

ती इतका वेळ बघत राहिली की मोबाइलचा पडदा काळा झाला. तिनं तो बोटानं परत उजळवला. मग सरांकडं वळली. मला वाटलं रडेल, किंवा चिडेल. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं. उलट, रविवारपासून पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले.

"सर, खरंच दुखत हुतं," ती म्हणाली.

सर म्हणाले, "व्हय गं." एवढंच. आणि खाली बसून पट्टी सोडायला लागले. गाठ सुटेना, तेव्हा ती नखानं उकरायला लागले.

टेबलाकडं ती स्वतः गेली. मी मागं मागं गेलो. समितीतल्या मधल्या गृहस्थांनी यादीवर बोट ठेवून तिला सांगितलं की पुढच्या तुकडीत आहेस, तयार राहा. ती म्हणाली, नाव काढा. त्यांनी चष्मा वर केला. मांडी फाटलीय, ती म्हणाली, आणि हे ती इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाली की शेजारच्या जिल्ह्याच्या पोरी वळून बघायला लागल्या. रविवारी हीच पोरगी मान हलवून बोलत होती.

गृहस्थांनी तिचा कागद काढला. "यात तर स्नायू शाबूत लिहिलंय. उत्तम लिहिलंय."

"ती ह्यांची हाय," मोनिका म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं.

तिघांनी मला निरखलं. निळा ड्रेस, पोट, एका कानात अजून बोळा. डावीकडचे जे होते त्यांनी पेन उचललं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही कोणत्या जिल्ह्याकडून?"

त्यांना सगळं परत सांगावं लागलं. मधेच मॅडमचा फोन लागला, त्यांनी टेबलावरच्या माणसांना चूक कबूल केली आणि दुरुस्त कागद पाठवते म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. मी शेजारीच उभा असल्यामुळं तशी गरजही नव्हती. यादीत मोनिकाच्या नावावर एक सरळ रेघ आली. तिच्या जागी सोलापूरची एक पोरगी पुढं सरकली.

नोकरी माझी राहिली. मात्र त्या दिवसापासून आमच्याकडं कुठलाही नकाशा दोघांनी बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. नॉर्मलच्या पदावरूनही मला काढलं, तिथं आता मॅडमचे यजमान आहेत. मोनिकाची मांडी भरायला चार महिने लागले. ती कुमारी गटात परत कधी खेळली नाही. खेळू शकणारही नव्हती. याच्यापुढची तिची गोष्ट तिनं सांगावी, मी सांगणं बरं दिसत नाही.

पण त्या सकाळी आम्ही तिघं तिथंच थांबलो. एसटी तीनचीच होती. मी जाऊ शकत होतो, पण निघायचं कसं ते कळेना. मैदानाच्या कडेला शेवग्याचं झाड होतं, त्याच्या फुटकळ सावलीत ती पाय पसरून बसली. सर जरा लांब, पाठमोरे. सोलापूरची पोरगी मैदानात उतरली. चांगली पळत होती, पण खांबाजवळ अर्धं पाऊल जास्त घेत होती. मोनिकाला ते बघवेना. "आतनं घे की, आतनं," ती एवढ्या लांबून ओरडली. पोरीनं ऐकलं नसावं. पण पुढच्या वेळी आतून घेतलं आणि सुटली.

"तू चांगली पळली असतीस," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"दादा, तीन मिनिटांचं सोडा," ती म्हणाली, मैदानावरची नजर न काढता. "काल वीस फेऱ्या मारल्या. सर म्हणाले भीती हाय. मॅडम म्हणाल्या थोडंच दुखणार. तुम्ही म्हणालात मशीन खोटं बोलत न्हाई. मग म्हटलं, खोटं कोण बोलतंय, तर हीच." तिनं मांडीवर हात ठेवला. "प्रत्येक फेरीला शिव्या दिल्या तिला. नाटकं करतीस म्हटलं. ऐन टायमाला दगा देतीस म्हटलं. आईला कधी बोलले न्हाई असलं बोलले."

मी कानात राहिलेला बोळा काढला आणि खिशात ठेवला.

ऊन वर चढत होतं. सावली सरकून तिच्या गुडघ्यापर्यंत आली होती आणि वरची मांडी उन्हात उघडी पडली होती. मोनिकानं दोन्ही हात खाली घातले, मांडी अलगद उचलली, थांबली, आणि जराही धक्का लागू न देता सावलीत नेऊन ठेवली.

"हां," ती तिला म्हणाली. "इथं बस."